कमानीचे पाय

जिल्ह्यात काम करणाऱ्या अधिकाऱ्याचा पुलाशी संबंध सहसा दोन प्रसंगी येतो. एक, पुलाचे उद्घाटन असते तेव्हा; आणि दुसरा, पूल पडतो तेव्हा. मधली पन्नास-शंभर वर्षे पूल आपले काम मुकाट्याने करीत असतो आणि त्याची दखल घेण्याची गरज कुणाला वाटत नाही. शासनाच्या पुष्कळ यंत्रणांची हीच गत आहे. आज पुलांबद्दल, त्यातही जुन्या दगडी कमानींच्या पुलांबद्दल, थोडे विस्ताराने लिहावे असा विचार आहे. मी अभियंता नाही. महसूल खात्यात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर मुलांपाशी बंगळूरला येऊन स्थायिक झालो. पण नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका पुलाने मला कमानीचे शास्त्र शिकायला भाग पाडले, आणि ते शिक्षण पुढे पुलांशी काडीचाही संबंध नसलेल्या फायली वाचतानाही उपयोगी पडले.

बंगळूरचा मराठी माणूस या शहराशी आपले नाते सांगू लागला की शहाजीराजांच्या जहागिरीपासून सुरुवात करतो. मला त्यांच्या जोडीने विश्वेश्वरय्या आठवतात, कारण त्यांचा प्रवास इथून आपल्याकडे झाला. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून १८८१ साली बी. ए. होऊन ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात अभियांत्रिकी शिकायला आले, १८८३ साली पहिले आले, आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून नाशिकला रुजू झाले. परीक्षेतील यशाबद्दल त्यांना जेम्स बर्कले यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले होते. हे बर्कले म्हणजे जीआयपी रेल्वेचे मुख्य अभियंता. बोरघाटातून पुण्याकडे रेल्वे नेण्याची आखणी त्यांची. तो मार्ग १८६३ साली खुला झाला, पण ते पाहायला बर्कले हयात नव्हते. त्या घाटात दगडी कमानींचे अनेक पूल बांधले गेले. त्यांपैकी एकाची गोष्ट पुढे सांगणार आहे. आधी कमान म्हणजे काय ते पाहू.

त्यासाठी बंगळूरच्या परिसरातली दोन बांधकामे फार सोयीची आहेत. पहिले श्रीरंगपट्टणचे. तेथे कावेरीवर दिवाण पूर्णय्या यांच्या देखरेखीखाली १८०२ ते १८०४ या काळात बांधलेला वेलस्ली पूल आहे. हा पूल दगडी आहे, पण त्यात कमान नाही. दगडी खांब उभे केलेले, त्यांवर दगडी तुळया टाकलेल्या आणि वर दगडी फरशी, अशी ती रचना आहे. दगडाचा स्वभाव असा की त्याला दाबले तर तो प्रचंड भार सोसतो, पण ओढले किंवा वाकवले तर लगेच तडकतो. ताण सोसण्याची त्याची शक्ती दाब सोसण्याच्या शक्तीच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. आडव्या तुळईवर वजन आले की तिची वरची बाजू दबते आणि खालची बाजू ताणली जाते. म्हणून दगडाची तुळई लांब करता येत नाही, गाळे लहान ठेवावे लागतात आणि नदीत खांबांची दाटी होते. वेलस्ली पूल पाहताना ही दाटी ताबडतोब नजरेत भरते.

दुसरे बांधकाम हेसरघट्ट्याचे. शहराच्या वायव्येला अर्कावती नदी अडवून १८९४ साली हेसरघट्टा तलाव करण्यात आला. तेथून सोलदेवनहळ्ळीच्या पंपघरापर्यंत पाणी केवळ उताराने आणण्यासाठी विटांचा पाट बांधला, आणि जमीन सखल झाली तेथे तो पाट विटांच्याच कमानींवर उचलून घेतला. बंगळूरला नळाचे पाणी आले ते या योजनेतून. त्या कमानींपैकी काही अजून शेतांच्या कडेला उभ्या आहेत. वीट तर दगडापेक्षाही कमजोर. तरी तिने पाण्याने भरलेला पाट वाहून नेला, कारण तेथे प्रत्येक वीट फक्त दाबली जात होती. तिला ताणणारे काही नव्हते.

हे कसे साधते? आपल्याकडे दाराला तोरण बांधतात. दोन खिळ्यांना दोन टोके बांधली की मधला भाग झोळ घेऊन खाली येतो. त्या दोऱ्याला दुसरे काही जमत नाही, तो फक्त ताणला जातो. आणि खिळे मात्र आतल्या बाजूला ओढले जातात. आता हेच तोरण जसेच्या तसे ताठ करून उलटे उभे केले अशी कल्पना करा. ताणाच्या जागी दाब येतो. खिळ्यांना आत ओढण्याऐवजी ते आपल्या आधारांना बाहेर ढकलू लागते. ही कमान. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७५ साली हे तत्त्व अक्षरांच्या कोड्यात लपवून छापले, आणि त्या कोड्याची उकल त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. आपल्या गवंड्यांना तत्त्वाचे नाव ठाऊक नसेल, पण कमान बाहेर रेटते हे त्यांच्या हाताला पक्के ठाऊक होते. म्हणून तर जुन्या वाड्यात आणि मशिदीत कमानीच्या दोन्ही बाजूंना भक्कम भिंत दिसते.

या रेट्याचा हिशोब साधा आहे. समजा, कमानीचा गाळा १२ मीटर आहे, मध्यावर उंची ३ मीटर आहे आणि भराव धरून एकूण भार २४० टन आहे, सगळीकडे सारखा पसरलेला. प्रत्येक पायावर सरळ खाली १२० टन येणार हे उघड आहे. पण त्याशिवाय प्रत्येक पायाला आडवा रेटाही साधारण १२० टनांचा बसतो. कमान चपटी करून उंची दीड मीटरवर आणली तर भार तोच राहतो आणि आडवा रेटा मात्र दुप्पट, म्हणजे २४० टन होतो. कमान दिसायला जितकी डौलदार आणि सपाट, तितका तिच्या पायांवर जुलूम अधिक. मला या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. कमान भार नाहीसा करीत नाही. ती त्याची दिशा बदलते आणि दगडामागून दगड तो पुढे सोपवीत जाते. शेवटचा दगड तो सोपवतो पायाला, पाया सोपवतो जमिनीला, आणि पुढे सोपवायला कुणी नसते.

यातून दोन-तीन गोष्टी निघतात, ज्या सामान्य समजुतीच्या उलट आहेत. आपल्याला वाटते की वजन वाढले की पूल कमकुवत होतो. कमानीचे तसे नाही. तिच्यावरचा मातीचा भराव हेच तिचे बळ असते. भरावाचे वजन इतके असते की एखादा ट्रक गेल्याने दाबाची रेषा फारशी हलत नाही, कमानीच्या जाडीच्या आतच राहते. ती रेषा जाडीच्या बाहेर जाऊ पाहते तेव्हा सांधे उघडतात. म्हणून केबल किंवा नळ टाकण्यासाठी कमानीच्या एका अंगाचा भराव खोदून काढणे हे वरून जाणाऱ्या ट्रकपेक्षा अधिक घातक ठरू शकते. दुसरे असे की अनेक गाळ्यांच्या पुलात मधल्या खांबाला दोन्हीकडच्या कमानी ढकलतात आणि ते रेटे एकमेकांना फिटवतात. खांब सडपातळ चालतो तो या जोरावर. पण एक गाळा गेला की शेजारच्या खांबाला एकाच बाजूचा रेटा उरतो, आणि मग एकामागून एक गाळे जाऊ शकतात. शेजाऱ्याच्या भरवशावर उभे राहण्याची ही किंमत आहे.

आता माझा अनुभव. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका उपविभागात मी प्रांताधिकारी होतो. तेथे नदीवर तीन गाळ्यांचा जुना दगडी पूल होता. दिवाळीनंतर उसाचा गळीत हंगाम सुरू होत होता आणि त्या पुलावरून पूर्वीपेक्षा जड वाहने सोडावीत अशी मागणी आली. फाइल सर्व टेबलांवरून फिरून माझ्याकडे आली. तांत्रिक अहवालात कमानीची जाडी होती, भरावाची उंची होती, गाळ्याचे माप होते, गणित बिनचूक होते आणि शेवटी शेरा होता : पूल सुस्थितीत.

जाडी, भराव आणि गाळा यांवरून कमानीची क्षमता काढण्याची ही रीत जगभर वापरली गेली आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला रणगाडे कोणत्या पुलावरून नेता येतील हे झटपट ठरवायचे होते, त्या गरजेतून ती पुढे आली. तिला मेक्झी पद्धत म्हणतात. त्यात पुलाच्या अवस्थेसाठी एक गुणक असतो आणि तो पाहणी करणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतो. पद्धत उत्तम आहे, पण ती फक्त कमानीबद्दल बोलते. कमान ज्यावर उभी आहे त्या पायाबद्दल आणि पायाखालच्या पाण्याबद्दल त्या सूत्रात एक अक्षरही नाही. सैन्याला पूल ओलांडून पुढे जायचे होते. आपल्याला त्याच पुलावरून पुढची पन्नास वर्षे रोज जायचे असते.

मी पूल पाहायला गेलो. सोबत सगळा लवाजमा होता. आम्ही कठडे पाहिले, रस्ता पाहिला, कमानीच्या सांध्यात उगवलेले पिंपळाचे रोप पाहून ते काढण्याच्या सूचना दिल्या. सगळे परतायला निघाले तेव्हा त्या रस्त्यावरचा एक वयस्क मैलकुली मागे उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सांगायचे असल्याचे दिसत होते. मी म्हटले, "तात्या, तुम्हाला काही सांगायचंय का?" तो म्हणाला, "साहेब, वरनं काय दिसणार? मधल्या खांबाच्या वरच्या अंगाला बघा. पावसाळ्यात पाणी तिथं भोवऱ्यासारखं फिरतंय. आजूबाजूला गुडघाभर पाणी, अन् तिथं पोरं बुडी मारत्यात."

दोराला दगड बांधून खोली पाहिली. आजूबाजूला खरोखर गुडघाभर पाणी होते आणि खांबाच्या नाकाशी दोन पुरुष. पाण्याने पायाखालची वाळू आणि गोटे खरवडून नेले होते. पुढे उतरून तपासले तेव्हा पायाच्या एका कोपऱ्याखाली पोकळी निघाली. म्हणजे अहवालातले प्रत्येक माप खरे होते आणि पूल तरीही धोक्यात होता. नदीत खांब उभा केला की पाणी त्याच्यावर आदळून खाली वळते आणि तळ उकरते. अभियंते याला स्कावर म्हणतात. जगात नद्यांवरचे पूल पडण्याच्या प्रमुख कारणांत याची गणना होते. पूर ओसरताना अनेकदा हा खड्डा गाळाने पुन्हा भरून निघतो आणि हिवाळ्यात पाहणी करणाऱ्याला तळ सपाट दिसतो. आमच्या येथे तो भरला नव्हता हे नशीब, आणि ते सांगणारा माणूस होता हे त्याहून मोठे नशीब.

मी पूल जड वाहनांना बंद करण्याचा आदेश काढला. नुसता फलक लावला नाही, दोन्ही तोंडांना लोखंडी रूळ पुरून उंच वाहने जाणारच नाहीत अशी व्यवस्था केली. वळसा बावीस किलोमीटरचा होता. त्याचा भुर्दंड नदीपलीकडच्या शेतकऱ्यांना बसला. ऊस तोडल्यावर तास-तासाने वाळतो, वजन घटते; गाडीवानांच्या खेपा कमी झाल्या. बैठकीत एका शेतकऱ्याने मला विचारले, "पूल पडला तर आमची माणसं मरतील हे खरं, पण पडला नाही तर आमचं नुकसान कोण भरून देणार?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही. उन्हाळ्यात पाया उघडा करून पोकळी काँक्रीटने भरली, सभोवती दगडांचा भक्कम थर दिला आणि पुढच्या हंगामात पूल खुला झाला. पूल पडला नाही. त्यामुळे तो निर्णय आवश्यक होता हे सिद्ध करण्याचे साधनही उरले नाही. टळलेल्या अपघाताची नोंद कोणत्याही नोंदवहीत होत नाही, झालेल्या गैरसोयीची मात्र दहा अर्जांत होते. निर्णय घेणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला हा व्यवहार आधीच पत्करून चालावे लागते.

हे सर्व मनात असताना २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आली. मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि काही खासगी वाहने अंधारात थेट नदीत गेली. चाळीसच्या आसपास माणसे गेली. शेजारीच दुसरा, नवा पूल होता आणि तो उभा राहिला. जुन्या पुलाची मे महिन्यात पाहणी झाली होती आणि वाहतुकीस धोका नाही असा निष्कर्ष निघाला होता, असे शासनाच्या वतीने त्या वेळी सांगण्यात आले. पुढे त्याच जागी १६५ दिवसांत नवा पूल बांधून ५ जून २०१७ रोजी खुला करण्यात आला. ही कामगिरी कौतुकाची आहेच. पण ज्या व्यवस्थेला १६५ दिवसांत पूल बांधता येतो, तिला पावसाळ्यापूर्वी नव्वद वर्षांच्या पुलाच्या पायाशी दोर सोडून पाहणे अवघड का जावे, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. मे महिन्यात कमान पाहता येते. ऑगस्टमध्ये पाणी काय करील, हे मे महिन्यातल्या कमानीवर लिहिलेले नसते.

आता बोरघाटाची राहिलेली गोष्ट. १८६७ च्या पावसाळ्यात, म्हणजे मार्ग खुला होऊन अवघी चार वर्षे झाली असताना, घाटातला एक मोठा कमानीपूल कोसळला. त्यानंतर त्या रेल्वेच्या इतर दगडी बांधकामांची तपासणी झाली आणि अनेक ठिकाणी कामाचा दर्जा निकृष्ट आढळला. दर्शनी दगड घडीव आणि आतला भरणा कच्चा, चुना हलका, असा तो प्रकार होता. आराखड्यातली कमान बरोबर होती, कागदावरचा रेटाही बरोबर होता. पण तो रेटा ज्याने सोसायचा त्या दगडचुन्यावर देखरेख करणारी नजर कमी पडली होती. म्हणजे १८६७ साली काय आणि आज काय, कमान दगा देत नाही. तिला ज्याच्यावर उभे केले तो आधार तपासण्यात आपण कमी पडतो.

प्रशासनाची रचनाही कमानीसारखीच आहे, हे नोकरीत हळूहळू कळत गेले. मंत्रालयात एक निर्णय होतो. तो सचिवांकडून आयुक्तांकडे, आयुक्तांकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे, तेथून तहसीलदाराकडे असा सोपवला जातो. प्रत्येक टेबल आपला भार पुढे ढकलून मोकळे होते, आणि ते चूकही नाही, रचनाच तशी आहे. शेवटी तो येतो तलाठ्यावर, अंगणवाडीच्या ताईंवर, मैलकुल्यावर. त्यांच्यापुढे सोपवायला कुणी नसते. आपण वर नवीन योजना चढवताना मधल्या टेबलांची क्षमता तपासतो. पायापाशी किती पदे रिकामी आहेत आणि उरलेल्या माणसांखालची वाळू किती वाहून गेली आहे, हे क्वचितच विचारतो. रचना जितकी चपटी आणि चटपटीत करू, मधले टप्पे काढून टाकू, तितका पायाचा आडवा रेटा वाढतो, हेही लक्षात ठेवायला हवे. ज्या दिवशी रस्त्यावरून मैलकुली गेला, त्या दिवशी पुलाचा एक साक्षीदार गेला. कॅमेरे आणि ड्रोन जरूर यावेत, पण पाणी कुठे फिरते हे वर्षानुवर्षे पाहिलेल्या माणसाची जागा त्यांनी घेतली असे समजू नये.

भारही वाढतच आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहू वाहनांची वजनमर्यादा वाढवली. दोन आसांच्या ट्रकचे कमाल वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले. बैलगाड्यांच्या काळात बांधलेली कमान हे वजनही बहुधा सोसते, कारण तिच्या अंगी ऐवज मोठा असतो. म्हणून सगळे जुने पूल पाडा असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा नव्या पुलापेक्षा जुनी कमान अधिक टिकाऊ असते. फक्त तिला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. ते मी माझ्या परीने असे मांडीन :

१. पूर ओसरल्यावर लगेच आणि पुन्हा उन्हाळ्यात, प्रत्येक खांबाच्या पायाशी खोली मोजली का, आणि मागील वर्षीच्या आकड्याशेजारी हा आकडा लिहिला का?

२. कमानीच्या मध्याखाली सांधा उघडला आहे का? तसे असेल तर पाय बाहेर सरकल्याची ती खूण असू शकते.

३. भरावातले पाणी निचरण्याची भोके मोकळी आहेत का, की चुना धुऊन जातो आहे?

४. कमानीवर कुणी खोदकाम केले का, आणि कुणाच्या परवानगीने?

५. पाहणीच्या वेळी त्या पुलाशेजारी राहणाऱ्या किंवा रस्त्यावर काम करणाऱ्या एका तरी माणसाला विचारले का, आणि त्याचे म्हणणे अहवालात त्याच्याच शब्दांत आले का?

६. पूल धोकादायक ठरला असेल तर तो खरोखर बंद केला का? १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळून चार जण गेले. धोक्याची सूचना तेथे दिलेली होती. सूचना देणे आणि बंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बंगळूर, हैदराबाद, इंदूर किंवा त्याहून दूर राहणारी आपण मंडळी वर्षातून एकदा गावी जातो, बहुधा गणपतीला, म्हणजे नेमक्या भर पावसात. कोकणात आणि देशावर अशा कमानींवरून आपली गाडी वीस सेकंदांत पलीकडे जाते. कधी वेळ मिळाला तर गाडी बाजूला सुरक्षित लावून, पाणी नसेल अशा दिवसात, पुलाच्या खाली उतरून पाहावे. पायाशी काही वावगे दिसले तर छायाचित्रासह जिल्हाधिकारी आणि सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्याला लेखी कळवावे आणि पोच मागून घ्यावी. माझ्या अनुभवात अशा पत्राची फाइल होते, आणि एकदा फाइल झाली की तिच्यावर कुणाला तरी सही करावी लागते. सही करण्यापूर्वी तो अधिकारी एकदा खाली उतरून पाहील, इतके जरी झाले तरी पुष्कळ काम झाले.